निर्भेळ प्रीमियम

गुरुवारी सकाळी कंपाउंडरांच्या बायकोला कोपऱ्यावरच्या दुकानातून मीठ आणायचं होतं. कंपाउंडर किल्ली घेऊन पुढे झाले. "चल, गाडीने जाऊ."

"अहो, दुकान खिडकीतून दिसतंय."

"दिसू दे की. जरा लांबून जाऊ."

बायकोने त्यांच्या कपाळाला हात लावून पाहिला. ताप नव्हता. रविवारी लेक यायची होती, एवढंच.

दूरच्या शहरात नोकरीला असलेली लेक दीड वर्षाने येणार, तीही दोन दिवसांसाठी. घरात पाऊल टाकलं की ती आईची, मावशीची, शेजारणींची आणि उरलीसुरली फोनची. बापाच्या वाट्याला यायचा तो स्टेशन ते घर हा चाळीस मिनिटांचा रस्ता. दीड वर्ष त्यांनी त्या चाळीस मिनिटांवर काढलं होतं. तिला काय काय विचारायचं ते दाढी करताना रोज घोकून ठेवायचे. मागच्या वेळी मात्र घात झाला होता. इंजिन असं काही खडखडत होतं की "कशी आहेस?" हे त्यांना तीनदा ओरडून विचारावं लागलं. "बरी आहे," एवढं सांगून तिने डोळे मिटले, ते घर आल्यावरच उघडले.

उपाय सांगितला शेजारच्या मास्तरांनी. अर्ध्या गावाला गाडी शिकवलेला माणूस, त्याचा शब्द कोण मोडणार? "साधं पेट्रोल बंद करा. प्रीमियम टाका, प्रीमियम. आवाज म्हणून येणार नाही."

दुसरा कुणी असता तर सरळ पंपावर गेला असता. पण कंपाउंडरांनी दवाखान्यात अडतीस वर्षं औषधं बनवली होती. बाटलीत जुनं औषध असताना वरून नवं ओतायचं नाही, हे त्यांच्या हाडीमाशी खिळलेलं. गाडीत अर्धी टाकी साधं पेट्रोल होतं. त्यावर प्रीमियम ओतणं म्हणजे निव्वळ भेसळ.

मग टाकी रिकामी करायचा सपाटा सुरू झाला. मीठ झालं, शिंप्याकडे झालं, ओळखीच्या तीन माणसांना नको नको म्हणत असताना घरी सोडून झालं. रविवारी सकाळी काटा तळाला टेकला, तेव्हा कंपाउंडर पंपावर गेले.

"प्रीमियम टाका. पण टाकी पूर्ण रिकामी आहे ना, ते आधी बघा."

पंपावरच्या माणसाने त्यांच्याकडे नीट पाहिलं. "काका, पूर्ण रिकामी असती तर तुम्ही इथवर आला असता का?"

कंपाउंडर वाकून पुन्हा काटा बघू लागले.

"आणि तुमची गाडी साध्या पेट्रोलवरच चालायला बनवलीय. प्रीमियमने काही फरक पडायचा नाही."

दवाखान्यातही डॉक्टरांना शहाणपण शिकवणारे असे पुष्कळ येत. कंपाउंडरांनी दुर्लक्ष केलं. अजून थोडं शिल्लक असणार, ते स्टेशनपर्यंत जाण्यात जिरेल, येताना तिथल्या पंपावर निर्भेळ प्रीमियम भरू, असा हिशेब करून ते तसेच निघाले.

लेक गाडीत बसली. वाळली होती पोरगी. कंपाउंडरांनी घाईने गाडी सुरू केली. स्टेशन मागे पडलं, पंप अजून यायचा होता, आणि एका गोदामाच्या लांबलचक भिंतीशी गाडीने दोन आचके दिले. मग ती थांबली. आवाज मात्र अगदी बंद झाला.

त्यांनी मास्तरांना फोन लावला. कॅनमधून पेट्रोल घेऊन स्कूटरवर येतो म्हणाले, पाऊण तास लागेल.

"बाबा, तुमच्या गाडीतलं पेट्रोल संपलं?" लेकीला खरं वाटेना. छत्री विसरेल म्हणून दोन छत्र्या बाळगणारा तिचा बाप.

कंपाउंडरांनी सगळं सांगून टाकलं. मीठसुद्धा. ती डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली, आणि मग पाणी काही थांबेना.

"आवाजाचा दोष नव्हता हो मागच्या वेळी. बोलले असते तर रडले असते, म्हणून डोळे मिटून घेतले. मला तिकडे करमत नाही, बाबा. आईला सांगावं तर ती जेवण सोडेल. तुम्हाला सांगावं, तर तुमचं सगळं लक्ष रस्त्यावर."

"आता कुठाय रस्ता? सांग."

ती सांगू लागली. खोलीच्या एकुलत्या एक खिडकीतून समोरची भिंत दिसते. सुट्टीच्या दिवशी कुणाशी बोलणंच होत नाही, म्हणून ती उगाच फळवाल्याला भाव विचारून येते. कंपाउंडरांनी घोकलेला एकही प्रश्न विचारला नाही. मुलगी इतकी लांब आणि आपण इथे मीठ आणतोय, असं त्यांना वाटत राहिलं.

"आणि अजून एक आहे," ती नखं बघत म्हणाली. "म्हणजे, ऑफिसात एकजण आहे..."

तेवढ्यात खिडकीवर टकटक झालं. मास्तर घामाघूम होऊन उभे होते, हातात भरलेला कॅन. "वाऱ्यासारखा आलो बघा. अर्ध्या तासात."

कंपाउंडरांनी काच चार बोटं खाली केली. "कोणतं आणलंत?"

"साधं. म्हटलं, पंपापर्यंत पोचण्यापुरतं..."

"छे छे. परत न्या, मास्तर. तुम्हीच म्हणालात ना, साधं बंद करा म्हणून? प्रीमियम आणा. आणि घाई करू नका, सावकाश या."

मास्तर काहीतरी बोलायला गेले, पण सल्ला त्यांचाच होता. त्यांनी मुकाट्याने स्कूटर वळवली.

कंपाउंडरांनी काच पूर्ण वर केली आणि ते लेकीकडे वळून बसले.

"हं. कोण आहे म्हणालीस?"