चिंचेवरचे शासकीय पक्षी

वन्यजीवाला खरा आसरा मिळतो तो फलकामुळे, हे सुज्ञांस सांगणे न लगे. इंदापूर तालुक्यातल्या एका तळ्याला १९९४ साली 'पक्षी अभयारण्य' असा फलक लाभला. तोवर तिथल्या बाभळींवर करकोचे निव्वळ सवयीने राहत होते.

पाहुण्यांना पक्षी नीट दिसावेत म्हणून वनखात्याने मधल्या बाभळी तोडल्या. (पक्षी त्यांच्यावरच बसत, पण योजनेत झाडे आणि पक्षी यांचे रकाने वेगळे होते.) मनोरा उभा राहिला. 'शांतता राखा' ही सूचना दिवसभर कर्ण्यावरून देण्यात येऊ लागली. शांततेची इतकी दणदणीत व्यवस्था जिल्ह्यात दुसरी नसावी.

दिवाळीनंतर एकूण एक करकोचे शेजारी पुतळाबाईंच्या शेतातल्या चिंचेवर राहायला गेले. पुतळाबाई साठीच्या, एकट्या. पक्ष्यांनी चिंच वरपासून खालपर्यंत पांढरी केली. यंदा चिंचेचे एक बोटूकही बाजारात नेण्याजोगे उरले नाही. त्या गोफण घेऊन निघाल्या. पण झाडाखाली पोचल्या तेव्हा वर पिल्ले ओरडत होती. गोफण पुन्हा खुंटीला गेली.

फेब्रुवारीत नोटीस आली: शासकीय पक्षी विनापरवाना बाळगल्याबद्दल. पाठोपाठ जीपमधून अधिकारी बापूसाहेब आले, सोबत फटाक्यांची पेटी. सोमवारी मोठ्या साहेबांची पाहणी होती.

"बाई, बाजूला व्हा. पक्षी अभयारण्यात न्यायचेत."

"आन् पिल्लं?"

"ती मागाहून येतील."

"कशानं? यष्टीनं?" पुतळाबाई बुंध्याला टेकून खाली बसल्या. "पंख फुटू द्या त्यास्नी, सायेब. तवर मी हितनं उठत न्हाय. लावा माळ, माज्या पायापाशी."

बापूसाहेबांनी वर पाहिले. वरून चष्म्यावर खुलासा पडला. तो पुसताना त्यांच्या ध्यानात आले, की अठरा वर्षांच्या नोकरीत पक्ष्यांच्या इतक्या जवळ आपण आज प्रथमच उभे आहोत. पेटी जीपमध्ये परत गेली. अहवालात त्यांनी लिहिले, 'पक्षी दौऱ्यावर.'

मे महिन्यात त्रेसष्ट पिल्ले उडाली. पुतळाबाईंनी मोजली, खात्याकडे तसा रकाना नव्हता.

त्या हंगामात दोन हजार पाहुणे मनोऱ्यावर चढले आणि रिकामे तळे पाहून उतरले. अभिप्रायाच्या वहीत प्रत्येकाने लिहिले, 'पक्षीवैभव पाहून भारावलो.' आधीच्याने लिहिलेले असताना आपणच कमी का पडावे? वही अजून तिथेच आहे. आपली सही सापडल्यास कृपया खोडू नये; सरकारी मालमत्ता आहे.