खराडेबाईंकडचा उतार

आंबेवळण नगरपरिषदेच्या कार्यालयातली फरशी खराडेबाईंच्या टेबलाकडे उतरती होती. गवंड्याने ती तशी बसवली नव्हती. बांधकाम झालं तेव्हा फरशी सपाट होती, आणि तसा दाखलाही फायलीत आहे. पण खराडेबाईंना आवक-जावक विभागात रुजू होऊन सव्वीस वर्षं झाली होती, आणि माणसं जसजशी त्यांचं ऐकू लागली तसतशी फरशी त्यांच्याकडे कलत गेली. ऑफिसात कुणाला त्याचं नवल नव्हतं. चाकांच्या खुर्च्यांना विटा लावलेल्या असत. शिपाई हुलगेमामा सकाळी पाण्याची बादली मुख्याधिकाऱ्यांच्या दाराशी ओततात आणि स्टुलावर बसून राहतात, हे सगळ्यांना ठाऊक होतं. पाणी आपलं आपण सगळा हॉल धुऊन बाईंच्या टेबलाखालच्या मोरीत जाई.

बाईंच्या हातात अधिकार म्हणाल तर आलेल्या कागदावर शिक्का मारायचा आणि गेलेल्या कागदाची नोंद करायची, एवढाच. पण प्रत्येक कागद त्या वाचत. विचारायला आलेल्या माणसाला आधी बसवत, मग त्याचं सगळं ऐकून घेत, आणि माहीत नसेल तर सरळ ‘माहीत नाही’ म्हणत. एकाची गोष्ट दुसऱ्याकडे गेली, असं सव्वीस वर्षांत झालं नव्हतं. त्यामुळे झालं काय, की कुठलीही फाइल साहेबांकडे न्यायच्या आधी जो तो शेजारच्याला विचारी, “बाईंना दाखवलीस का?” दाखवली नसेल तर ती न्यायची नाही. असा काही नियम नव्हता, पण मोडायची कुणाची टाप नव्हती.

बाईंना स्वतःला हा उतार फारसा जाणवत नसे, कारण त्या तळाशी बसत. अडचण होई ती वर जायची. साहेबांची केबिन हॉलच्या दुसऱ्या टोकाला, म्हणजे ऐन चढावर. तिथं पोचेपर्यंत माणसाला धाप लागे. नवीन मुख्याधिकारी निंबळेसाहेब पाच महिन्यांपूर्वी आले, तेव्हा समोर आलेला प्रत्येकजण धापा टाकतोय हे बघून त्यांना वाटलं, आपला दरारा बसला. चांगले पंधरा दिवस ते खुशीत होते. मग हुलगेमामांनी त्यांना खरं काय ते सांगितलं.

एका सोमवारी जिल्ह्यावरून पत्र आलं. बाईंनी शिक्का मारला आणि वाचता वाचता त्यांचा हात थांबला. ज्या कार्यालयाची फरशी मीटरमागे पाच सेंटिमीटरहून जास्त उतरती आहे, ते कार्यालय धोकादायक समजून बावीस किलोमीटरवरच्या भैरोबावाडीच्या नव्या इमारतीत हलवण्यात येईल. पंधरा दिवसांनी तपासणी.

भैरोबावाडीला जायचं म्हणजे दोन एसट्या बदलायच्या. जन्माच्या दाखल्यासाठी ओली बाळंतीण तिकडे जाणार होती का? आणि बाईंचं काय? त्या घरून ऑफिसला चालत येत, तेही मधे दोनदा कुणाच्या तरी ओट्यावर टेकून. चार वर्षं त्यांचा उजवा गुडघा दुखत होता. एसटीची पायरी त्यांना चढवत नसे. नोकरी सोडावी लागणार हे त्यांना कळून चुकलं. पण त्याहून जास्त लागलं ते दुसरंच. गावाचं ऑफिस गावातून जाणार, आणि ते आपल्यामुळे.

निंबळेसाहेबांनी गवंड्याला बोलावून पाणसळ लावून उतार मोजून घेतला. मीटरमागे आठ सेंटिमीटर भरला. साहेब वयाने एकतीसचे, कागदावर सगळं सुटतं असा त्यांचा विश्वास. त्यांनी तिथल्या तिथे परिपत्रक काढलं: ‘आजपासून कोणीही श्रीमती खराडे यांचे ऐकू नये. सर्व बाबींत मुख्याधिकारी यांनाच विचारावे.’

परिपत्रक जावक क्रमांकासाठी बाईंकडेच आलं. त्यांनी क्रमांक दिला. मग सगळा स्टाफ ते घेऊन त्यांच्या टेबलाभोवती जमला.

“बाई, हे पाळायचं का?” पाणीपुरवठ्याच्या बोंद्रेंनी विचारलं.

“पाळायचं म्हणजे काय, अक्षरशः पाळायचं,” बाई म्हणाल्या. “मला काही विचारायचं नाही. जा, साहेबांना विचारा.”

बाईंनीच सांगितलं म्हटल्यावर पुढे बोलायची सोय नव्हती. सगळे निमूट चढ चढून साहेबांकडे गेले, रांग लावून एकेक गोष्ट विचारून आले. इतकं मन लावून बाईंचं ऐकणं त्या ऑफिसात पूर्वी कधी झालं नव्हतं. संध्याकाळी पाणसळ लावली तर मीटरमागे साडेनऊ.

“आता हो?” साहेबांनी कपाळाला हात लावला.

“मी रजेवर जाते,” बाई म्हणाल्या.

बाईंचं घर बाजारपेठेच्या मागे, म्हणजे ऑफिसच्या मुख्य दाराच्या दिशेला. त्या रजेवर गेल्या आणि सकाळी दहाच्या आत सगळी फरशी मुख्य दाराकडे वळली. जन्म-मृत्यूच्या नोंदींचं लोखंडी कपाट निघालं ते थेट उंबऱ्यापर्यंत आलं. हुलगेमामा पाठ लावून त्याला धरून उभे राहिले, आणि नागरिकांची कामं बाहेर पायरीवर सुरू झाली. कामं झाली हो, तक्रार एकही नाही. पण दुपारी मामांनी बाईंना फोन लावला.

“बाई, कपाट दारात आलंय. सोडू का धरू?”

“धरा हो मामा! मी येतेच.”

मामांनी ऐकलं, त्यासरशी उतार वाढला आणि बोंद्रेही खुर्चीसकट दारात आले.

दुसऱ्या दिवशी बाई ऑफिसात आल्या त्या राजीनामा लिहूनच. तो घेऊन त्या साहेबांकडे निघाल्या. सव्वीस वर्षांत केबिनपर्यंत जायची वेळ त्यांच्यावर फार क्वचित आली होती, कारण साहेब लोकच उतरून येत. गुडघा ठणकत होता. मधे बोंद्रेंच्या टेबलाला धरून त्यांनी दम खाल्ला, मग पुन्हा चढू लागल्या. सगळं ऑफिस मान वर करून बघत होतं.

साहेबांनी राजीनामा वाचला आणि बाजूला ठेवला.

“याचा उपयोग नाही, बाई. तुम्ही घरी बसलात तर लोक घरी येतील. मग ऑफिसपासून तुमच्या दारापर्यंतचा रस्ता उतरता होईल. मधे भांड्यांची दोन दुकानं आहेत.”

हे बाईंच्या लक्षातच आलं नव्हतं. त्या समोरच्या खुर्चीत बसल्या आणि नकळत गुडघा दाबू लागल्या.

“गुडघा कधीपासून?” साहेबांनी विचारलं.

“झाली चार वर्षं. डॉक्टर ऑपरेशन करा म्हणतात.”

“मग घरात, ऑफिसात, कुणाचा सल्ला घेतलात?”

“मी?” बाई जरा चिडल्याच. “मी कुणाला विचारायचं? सगळं गाव मला विचारतं. मी विचारलं तर लोक घाबरतील. म्हणतील, बाईंनाच कळेना, आता आपलं काय?” बाईंनी मागे दाराकडे बघून घेतलं. “खरं सांगू का साहेब, मला भीती वाटते. उठताच आलं नाही तर? तुम्ही सांगा, करू का मी ऑपरेशन?”

निंबळेसाहेबांना पाच महिन्यांत असं कुणी काही विचारलं नव्हतं. परिपत्रकामुळे लोकांनी विचारलं होतं, ती गोष्ट वेगळी. ते खुर्चीत नीट बसले.

“माझ्या आईचे दोन्ही गुडघे केले, बाई. पहिला महिना तिनं मला शिव्याशाप दिले. सोबत मी होतो, म्हणून मला मिळाले. व्यायाम करताना रडायची. पण चौथ्या महिन्यात बघतो तर गच्चीवर पापड वाळत घालत होती, जिना चढून. थंडी संपायच्या आत करा. नंतर उकाड्यात पट्टी सोसवत नाही.”

हा पोरगेला माणूस उगाच बोलत नाहीये, हे बाईंना मनापासून पटलं.

“मग करते,” त्या म्हणाल्या.

आणि सगळं ऑफिस केबिनमध्ये आलं. साऱ्यांचं ऐकणं बाईंकडे, आणि बाई ऐकतात साहेबांचं, तेव्हा दुसरं व्हायचं काय? आधी हुलगेमामा स्टुलासकट आले, मागून बोंद्रे, मग टायपिंगचं टेबल, आणि शेवटी ते लोखंडी कपाट केबिनच्या दारात अडकलं म्हणून बरं. निंबळेसाहेबांचे कान आनंदाने लाल झाले. पाच महिने त्यांना हेच हवं होतं, आणि आता ते मिळालं होतं. ते लपवायचा त्यांनी प्रयत्नही केला नाही.

पाणसळ लावली. मीटरमागे साडेनऊ, फक्त उलट दिशेला.

साहेबांचा चेहरा पडला. “बाई, हेही धोकादायकच. आता मी काय करू?”

त्यांनी तळमळीने विचारलं होतं, त्यामुळे फरशी तिथल्या तिथे चार बोटं परत सरली. मामांचं स्टूल केबिनच्या बाहेर गेलं.

बाई आवक-जावकमध्ये उगाच नव्हत्या. जे एका बाजूनेच येतं ते साचतं, हे त्यांना रोज दिसत होतं. “साहेब,” त्या म्हणाल्या, “मी तुम्हाला विचारते तेव्हा फरशी इकडे येते. तुम्ही मला विचारता तेव्हा तिकडे जाते. पण खोटं विचारून चालणार नाही. मला खरंच माहीत नाही ते मी विचारीन, तुम्हाला माहीत नाही ते तुम्ही विचारा.”

उरलेले दिवस त्यांनी या कामाला दिले. बाईंनी साहेबांना विचारलं, दवाखान्यात सोबतीला कुणाला न्यावं. जी बहीण फार बोलते तिला, की जी बोलतच नाही तिला? साहेबांनी बाईंना विचारलं, अकोल्याच्या स्थळाला होकार द्यावा का. मुलगी आवडली होती, पण तिच्या वडिलांनी जेवताना यांच्याशी एक शब्द काढला नव्हता. बाईंनी विचारलं, “जेवण कसं होतं?” साहेब म्हणाले, “उत्तम होतं.” बाई म्हणाल्या, “मग ते जेवत होते. द्या होकार.”

तरी फरशी मधोमध जरा फुगलेलीच राहिली. तिथं बोंद्रे बसत. बोंद्रेंचं कुणी कधीच ऐकत नसे, त्यामुळे त्यांच्या टेबलाखाली उंचवटा आला होता. बाई गुडघा सांभाळत त्यांच्यापर्यंत गेल्या आणि म्हणाल्या, “बोंद्रे, बाजारातला पाण्याचा व्हॉल्व्ह नेमका कुठं आहे हो? मला आजवर कळलेलं नाही.” तो व्हॉल्व्ह पूर्वीच्या रस्त्याखाली गाडला गेला होता, आणि त्याची जागा गावात एकट्या बोंद्रेंना माहीत होती. बोंद्रे पाऊण तास बोलले. बाईंनी सगळं ऐकून कागदावर नकाशा काढून घेतला. बोंद्रेंच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि उंचवटा बसला. मग ज्याला त्याला चटक लागली. जो तो दुसऱ्याला काही ना काही विचारू लागला. हुलगेमामांना लोकांनी कमरेचे व्यायाम विचारले, कारण कपाट धरूनही त्यांची कंबर शाबूत होती. त्यांना आता हॉल हातानं पुसावा लागे, एवढीच त्यांची तक्रार.

तपासणीला जिल्ह्याचे अभियंता शेट्येसाहेब आले. पन्नाशीचे गृहस्थ, मितभाषी. त्यांनी स्वतःची पाणसळ आणली होती. दारात लावली, केबिनपाशी लावली, बोंद्रेंच्या टेबलाखाली वाकून लावली. शेवटी बाईंच्या टेबलाशी लावली. बुडबुडा मधोमध थांबला.

“उतार कुठाय?” शेट्येसाहेबांनी विचारलं.

“इथं नाही, साहेब,” निंबळे म्हणाले, आणि ते खरं होतं.

शेट्येसाहेबांनी ‘समतल. कार्यालय हलविण्याची आवश्यकता नाही’ असं लिहिलं, सही केली, आणि अहवाल बॅगेत घातला. बाईंना इतका आनंद झाला की त्यांनी सगळ्यांसाठी चहा सांगितला. शेट्येसाहेबांना बाईंच्या समोरच खुर्ची दिली. त्यांनी चहा संपवला, कप ठेवला, तरी ते उठेनात.

“बाई,” ते हळूच म्हणाले, “जिल्ह्याला तुमचं नाव ऐकून आहे. एक विचारू? माझी मुलगी नाशिकला बँकेत आहे. चांगली नोकरी. आता म्हणते, ती सोडून एसटीवर ड्रायव्हर होणार. घरात तीन महिने अबोला आहे. मी काय करू?”

निंबळेसाहेब फरशीकडे बघत होते. मामांनी न सांगता कपाटाला हात लावला. बाईंनाही कळत होतं, आपण आता जे सांगू ते हा माणूस ऐकणार. त्यांनी थोडा विचार केला.

“नोकरी का सोडतेय म्हणते ती?”

शेट्येसाहेब म्हणाले, “ते विचारलंच नाही.”

“मग मी काय सांगणार? तिलाच विचारा ना.”

शेट्येसाहेबांनी खिशातून फोन काढला आणि तिथंच बसून लावला. “हॅलो, मृण्मयी? बाबा बोलतोय. नाही, ओरडायला नाही केला. सांग मला सगळं, मी ऐकतोय.” पलीकडून ती बोलत राहिली आणि ते ऐकत राहिले. ऑफिस होतं तिथंच होतं. त्यांची खुर्ची तेवढी हळूहळू नाशिकच्या दिशेने सरकू लागली, आणि वीट लावायला कुणी उठलं नाही.