स्वप्नात दिलेलं आवतण

चहाचा पहिला घोट घेताच शेषराव म्हणाले, "रविवारी नत्थू येऊन रायला जेवाले. रोडगे कर."

बायकोच्या, दुर्गाबाईंच्या हातातली गाळणी हातातच राहिली. नत्थुजी म्हणजे शेषरावांचे पाठचे भाऊ, वरूडचे संत्राबागायतदार. मुलीच्या, माधवीच्या लग्नात शेषरावांनी साऱ्या सोयऱ्यांना शेला-टोपी दिली आणि सख्ख्या भावालाच विसरले. नत्थुजी मांडवातून न जेवता उठून गेले. तेव्हाच चुकलं म्हटलं असतं तर मिटलं असतं, पण शेषराव म्हणाले, "घरच्या माणसाले कायचा मान?" तेव्हापासून अकोला आणि वरूड यांचं बोलणं बंद होतं.

"कवा बोलावलं तुमी त्याईले?"

"काल गेल्तो ना वरूडले."

काल दुर्गाबाई दिवसभर बहिणीकडे बार्शीटाकळीला होत्या. त्यांनी विश्वास ठेवला, कारण त्यांना तो ठेवायचाच होता.

आता यातली खरी गोष्ट अशी. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाल्यापासून शेषरावांचं मन कशातच लागेना. जेवण बेचव, पेपर शिळा, माणसं नकोशी. अकोल्यात मनाचे डॉक्टर नव्हते असं नाही, पण कुणी पाहील म्हणून ते अमरावतीला गेले. तिथल्या बाकावर अकोल्याचेच दोन ओळखीचे बसले होते. तिघांनीही एकमेकांना दाढदुखी सांगितली.

डॉक्टरांनी नीट समजावलं होतं. "ही गोळी मेंदूतल्या डोपामिनवर काम करते. हळूहळू उत्साह येईल. तोंड कोरडं पडेल, भूक कमी होईल, स्वप्नं जरा ठळक पडतील. सकाळीच घ्यायची." शेषरावांनी मान डोलावली आणि घरी येऊन रात्री घेतली. त्यांच्या घराण्यात गोळी म्हणजे रात्रीचं जेवण झाल्यावर, पान लावायच्या आधी. हा शिरस्ता डॉक्टरांपेक्षा जुना होता.

आणि मग स्वप्नं पडू लागली. पूर्वी त्यांना स्वप्नातही कार्यालयच दिसायचं. आता संत्र्याच्या बागा दिसू लागल्या. झाडांच्या खालून पिवळं ऊन वाहायचं, त्यात पाय बुडवून बसता यायचं. सालीचा झिणझिणता वास नाकात चढायचा. त्या उन्हातून नत्थुजी पाणी तुडवत यावं तसे चालत यायचे आणि शेजारी बसायचे. जागं झाल्यावर उशीलाही संत्र्याचा वास येतोय असं शेषरावांना वाटे. असल्या स्वप्नापुढे अकोल्यातली सकाळच खोटी वाटली तर त्यांना काय दोष द्यायचा?

दुर्गाबाईंनी मात्र वेळ घालवला नाही. रोडगे भाजायला गोवऱ्या आणल्या, वांगी आणली आणि वरूडला जावेला फोन लावला.

"जयवंता, रविवारी भावजींसंगं तूबी ये."

"कायले? हे तं काईच बोलले नाई मले."

"लाजले असतीन."

त्या दिवशी वरूडला नत्थुजींची जी हजेरी घेतली गेली, ती सांगण्यासारखी नाही. भावाचं आवतण बायकोपासून लपवतात, एवढा राग कुठे ठेवता, झालं ते झालं. नत्थुजी शपथा घेत होते आणि प्रत्येक शपथेगणिक अधिकच खोटे ठरत होते.

इकडे शनिवारी शेषरावांनी शेजारच्या धर्मेंद्रला हार घातला. "मोर्शीले बदली झाली ना तुयी? चांगलं झालं." धर्मेंद्रचा चेहरा पडला. तो तडक साहेबांच्या घरी गेला आणि हात जोडून म्हणाला, बदली नको. साहेबांच्या डोक्यात तसं काही नव्हतं, पण आता यायला लागलं. धर्मेंद्र परत येऊन म्हणाला, "काका, तुमाले कोनं सांगतलं?"

शेषराव आठवू लागले. सांगितलं होतं वडिलांनी, एसटीच्या ड्रायव्हरच्या जागेवर बसून संत्रं सोलताना. वडील जाऊन तर किती वर्षं झाली. आणि हीच एसटी त्यांना वरूडला घेऊन गेली होती.

म्हणजे आवतणही स्वप्नातच दिलं होतं. स्वयंपाकघरात दुर्गाबाई गुणगुणत गहू निवडत होत्या. त्यांना कसं सांगावं? भाऊ येणार म्हणून हे घर किती दिवसांनी हसत होतं, आणि खरं म्हणजे सगळ्यात जास्त आनंद शेषरावांनाच झाला होता. शेवटी त्यांनी माधवीला फोन करून गोळीपासून सगळं सांगितलं. ती म्हणाली, "बाबा, गोळी सकाळची आहे. उद्यापासून सकाळी घ्या, आणि डॉक्टरांनाही कळवा." ते ठीक होतं, पण रविवारचं काय? शेषरावांनी एवढंच ठरवलं, की यापुढे गोड काही दिसलं तर ते खरं मानायचं नाही.

रविवारी अंगणात गोवऱ्यांचा धूर निळा होऊन तरंगत होता. शेषराव बाजेवर पडले होते. धुरातून नत्थुजी चालत आले, खांद्यावर संत्र्यांची पिशवी.

"आला का?" शेषराव पडल्यापडल्या म्हणाले. "बस."

"बसाले नाई आलो. मले कवा आवतन देल्लं तू? घरात मी खोटारडा ठरलो."

"नत्थू, टोपी मायाच हातून विसरली. तू उठून गेला ते म्या पाह्यलं. लोक पाहून रायले म्हून तुया मांगं आलो नाई. लय लाज वाटते मले त्याची."

नत्थुजींनी पिशवी खाली ठेवली. "मंग हे आदी काहून नाई बोलला?"

"रोजच बोलतो. तू हसतो, मंग दुर्गा चहा आनते अन् मी उठतो."

तेवढ्यात दुर्गाबाईंनी खरोखरच चहा आणला. शेषरावांची जीभ भाजली. ते उठून बसले आणि त्यांनी भावाच्या दंडाला हात लावून पाहिला. मागे जयवंता हसत उभी होती.

"तू खरा हायेस?"

"मंग काय? अन् आवतनाचं काय ते सांग."

शेषरावांनी मान खाली घालून सगळं सांगितलं. गोळी, एसटी, वडील. दुर्गाबाई पदर तोंडाला लावून ऐकत होत्या. नत्थुजींनी गोवऱ्यांच्या धुराकडे पाहिलं.

"रोडगे तं खरे हायेत ना?" त्यांनी विचारलं.

जेवणं झाली. रोडगे, तूप आणि वांग्याची भाजी पोटात गेल्यावर वऱ्हाडात कुणी जागं राहत नाही. दोघे भाऊ एकाच सतरंजीवर आडवे झाले.

उन्हं कलताना शेषरावांना जाग आली. बाजूला न पाहताच त्यांनी हळूच विचारलं, "नत्थू, तू आल्ता का रे खरंच?"

"नाई," तोंडावरचा दुपट्टा न काढता नत्थुजी म्हणाले. "सपन पडून रायलं तुले. झोप आता."

धाकट्याचं म्हणणं शेषरावांनी जन्मात पहिल्यांदाच वाद न घालता मान्य केलं, आणि कूस बदलून ते पुन्हा झोपले.