उलटा चिमटा

ढोमणेकाका लग्नाला जाताना आहेर विसरतील, पण पिशवीतलं अवजार विसरणार नाहीत. जेवणाच्या रांगेत ताट घेऊन उभ्या असलेल्या एखाद्या गृहस्थासमोर ते गंजकी वस्तू धरतात आणि विचारतात, "हे कायचं आहे, सांगा बरं?" गृहस्थाच्या हातात वाढलेलं ताट असतं. त्याला पळता येत नाही.

बँकेतल्या बदलीने मी जबलपूरला आले आणि नेपियर टाउनमध्ये काकांच्या घरी वरच्या मजल्यावर भाड्याने राहू लागले. काका फॅक्टरीत फिटर होते. रिटायर होऊन बरीच वर्षं झाली. आता दर रविवारी गोहलपूरच्या भंगारवाल्यांकडे जायचं, कोणालाच ओळखू न येणारी वस्तू आणायची आणि तिचं काम हुडकून काढायचं, हीच त्यांची ड्यूटी. काम कळलं की वस्तू पोत्यात जायची. "बिनकामाचा माणूस असू शकते, मॅडम. बिनकामाचं अवजार नसते," असं ते म्हणत. वाक्याचा पहिला भाग माझ्याकडे बघून.

या उन्हाळ्यात त्यांना वीतभर लांबीचा एक लाकडी चिमटा मिळाला. गुळगुळीत, गोल टोकांचा. पण मूठ दाबली की त्याची टोकं मिटायच्या ऐवजी उघडत.

"पकडाचं सोडून हा तर सोडूनच देते," काका म्हणाले.

"बनवतानाच चुकला असेल."

"चुकला असता तर इतकी पॉलिश काहून केली असती?"

तपास सुरू झाला. समोरच्या दातांच्या दवाखान्यात काकांनी तो बाहेर काढला, तेव्हा वाट बघत बसलेले दोन पेशंट उठून घरी गेले. तिलवाराच्या घाटावर पंडितजींनी न बघताच सांगितलं, "पूजा का होगा." काका परतताना चिडलेले. "ज्याचं काही समजत नाही, ते पूजेचं. चलो, छुट्टी."

शेवटी मीच मोबाईलवर फोटो टाकून शोधलं आणि मोठ्या ऐटीत खाली गेले. पूर्वी गोऱ्या मॅडम कातड्याचे हातमोजे घालत. ते धुतले की आखडायचे. मग हा चिमटा मोज्याच्या एकेका बोटात घालून दाबायचा, की बोट सैल व्हायचं.

काकांनी चिमटा एकदा दाबून पाहिला.

"हातमोजे? जबलपुरात?"

"हो."

"मे महिन्यातबी?"

"घालत असतील."

"अच्छा. म्हणजे एक नोकर पंखा ओढून राहिला, अन् दुसरा मोजा उघडून राहिला."

एवढं बोलून ते आत गेले. चिमटा पोत्यात गेला, असं मी धरून चालले.

पुढच्या आठवड्यात एका सकाळी बँकेत जाताना किल्ली द्यायला मी खाली थांबले. दार उघडं होतं. काकूंना पक्षाघात झाल्यापासून त्या आतल्या खोलीत पडून असतात, हे मला माहीत होतं. काका त्याबद्दल कधी बोलत नसत. काकूंचा उजवा हात मात्र मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला. मूठ इतकी आवळलेली की नखं तळव्यात रुतत होती.

काका पलंगाशी स्टूल घेऊन बसले होते. चिमट्याच्या टोकांना जुन्या साडीची मऊ चिंधी गुंडाळलेली. आधी त्यांनी तो स्वतःच्या मुठीत घालून दाबून पाहिला. मग काकूंच्या मुठीत सरकवला आणि त्यांच्या चेहऱ्यावरची नजर न हलवता हळूहळू दाबत गेले. बोटं उघडली. त्यांनी कोमट पाण्याने तळवा पुसला, पावडर लावली.

मी दिसले तेव्हा ते ओशाळले. "डॉक्टरला विचारून घेतलं," ते म्हणाले. "हातानं उघडाले गेलो की रडते ती. मले जोर समजत नाही. फॅक्टरीचा हात आहे."

त्यांनी चिमटा काढला. काकूंची बोटं पुन्हा मिटू लागली, तेव्हा काकांनी आपलं एक बोट मध्ये ठेवून दिलं. मूठ त्याच्यावर घट्ट बंद झाली.

"किल्ली तिथंच ठेवा, मॅडम," काका म्हणाले. "अन् दार लोटून घ्या. मी आता अटकलो."