करियाचा दुखवटा

जनावराच्या तोंडाकडं एकदा बघितलं की त्याच्या पोटातलं सांगतो, असं चन्नवीरअप्पा छातीवर हात ठेवून सांगायचे! आणि का सांगू नये? तीस वर्षं त्यांनी सोलापुरात पेंडीचं दुकान चालवलं होतं. मंद्रूपकडच्या पाहुण्यांना बैल घ्यायचा असला की ते आधी अप्पांना गाडीत घालायचे. अप्पा बैलाचा ओठ वर करून दात मोजायचे, "घ्या डोळे झाकून" म्हणायचे, आणि बैल घरी यायचा. स्वतःचे बत्तीसच्या बत्तीस दात त्यांनी अडुसष्टाव्या वर्षापर्यंत राखले होते. कडक भाकरी खायला बसले की आवाज शेजारच्या घरात जायचा!

तर अशा या अप्पांची बायको सुंदरम्मा फाल्गुनात गेली. ज्वारी निवडता निवडता "जरा पडते" म्हणाली, ती उठलीच नाही. मागं राहिले अप्पा आणि काळा कुत्रा करिया. करिया तिचाच. बारा वर्षांत अप्पांनी त्याच्या ताटलीला हात लावला नव्हता. ती स्वयंपाकघराच्या दारातून "बारो करिया, ऊटा माडू" अशी कानडीत जेवायला हाक मारायची, आणि तो शेपटीसकट सगळाच्या सगळा हलत यायचा.

मुलगी भुवनेश्वरी पुण्याहून येऊन दहा दिवस राहिली. तोवर घरात भात होता, दूध होतं, करियाचं भागत होतं. ती गेली. पाहुण्यांनी जाताना कडक भाकरीची हातभर चवड आणि शेंगाचटणीचा डबा ठेवला होता. महिनाभर चूल पेटवायला नको! अप्पांनी करियाच्या ताटलीत एक भाकरी मोडून टाकली आणि वर मायेनं चमचाभर चटणी घातली.

करियानं एक घास घेतला, टाकला, मान वर केली आणि असा काही विव्हळला की शेजारच्या काशम्मा पदराला हात पुसत धावत आल्या.

"काय झालं हो, अप्पा?"

"जेवंना की ह्ये."

काशम्मांनी बघितलं. करिया समोरच्या कोनाड्याकडं टक लावून बसला होता. कोनाड्यात सुंदरम्माचा फोटो, फोटोपुढं नैवेद्याची दुधाची वाटी.

"अगं बाई गं! अक्काच्या फोटोकडं बघतंय हो! तिच्याबिगर जेवायचं न्हाय म्हणतंय लेकरू!"

अप्पांना गलबलून आलं. खरं सांगायचं तर सुंदरम्मा गेल्यापासून त्यांना रडू आलंच नव्हतं. माणसं आली की खुर्च्या सरकवायच्या, चहा सांगायचा, यातच दिवस गेले होते. आता आपल्या वाटचं कुणीतरी रडतंय, या विचारानं त्यांना केवढा तरी धीर आला. त्यांनी स्वतःचं ताटही बाजूला सारलं. ते मात्र कुणी बघितलं नाही.

दुसऱ्या दिवशी निम्मी गल्ली करियाला भेटायला आली. काशम्मा सगळ्यांना खेळ दाखवल्यासारखं दाखवायच्या. "बघा हं, आता भाकरी ठेवते." भाकरी ठेवली की करिया विव्हळायचा आणि बायका डोळ्यांना पदर लावायच्या. अप्पांचे दुकानशेजारी तिप्पण्णा नवा फोन घेऊन आले होते. ते म्हणाले, "अप्पा, ह्याला एकदा वैनींच्या मातीवर न्यायला पायजे. शेवटचं भेटू द्या की!"

झालं! रिक्षातून करिया रुद्रभूमीत गेला. सुंदरम्माला जिथं पुरलं होतं तिथली माती सकाळी शिंपडलेल्या पाण्यानं अजून ओलसर होती. वर ऊन रणरणत होतं. करियानं तिथं डावा गाल टेकला आणि डोळे मिटून पडून राहिला. तिप्पण्णा फोन धरून हुंदके देत होते, त्यामुळं सगळा व्हिडिओ हलला. तरी तो 'मालकिणीसाठी अन्नत्याग' म्हणून संध्याकाळपर्यंत अक्कलकोटपासून नातेपुत्यापर्यंत फिरला!

मग काय विचारता! भजनी मंडळ आलं. कुणी शाल आणली, कुणी हार. हार घातल्यावर करियानं त्यातली मऊ फुलं चाटून बघितली, तेही कुणाला खटकलं नाही.

"डॉक्टरला दाखवलं का?" एका शहाण्यानं विचारलं.

"मनाच्या दुखण्याला डॉक्टर काय करणार?" अप्पा म्हणाले. "मला कळतंय जनावर."

पण पाचव्या दिवशी करियाच्या बरगड्या मोजता येऊ लागल्या. तो पाण्यापर्यंतही उठेना. अप्पा त्याच्याशेजारी जमिनीवर बसले आणि पहिल्यांदाच घाबरले. सुंदरम्माला ओळखणारा, तिच्या हाकेला धावणारा एवढा एकच जीव घरात उरला होता. तोही गेला तर तिची आठवण कुणाबरोबर काढायची?

तेवढ्यात भुवनेश्वरीचा फोन आला.

"अप्पा, व्हिडिओ बघितला. त्याची लाळ बघितली का तुम्ही? लाल हाय ती!"

"लाळ न्हाय बाळ, आसवं हायत."

"तोंडातनं आसवं येत्यात का, अप्पा? गाल सुजलाय त्याचा! आत्ताच्या आत्ता डॉक्टरकडं न्या!"

जनावरांच्या डॉक्टर ऋतुजा वयानं भुवनेश्वरीएवढ्याच, सांगोल्याकडच्या, मेंढरांत वाढलेल्या. अप्पांनी अन्नत्यागाची सगळी कथा सांगितली. डॉक्टरबाईंनी ती ऐकता ऐकता करियाचा ओठ वर केला. असा वास सुटला की तिप्पण्णा फोनसकट बाहेर गेले.

"काका, ही दाढ मोडलीय. आत पू झालाय. हिरड्या सडल्यात. वरनं तुम्ही चटणी घालताय?"

"मग फोटोकडं बघून रडतोय ते?"

"फोटोपुढं काय ठेवता?"

"दूध."

डॉक्टरबाई हसल्या नाहीत, हे त्यांचे उपकार.

"हे वर्ष-दीड वर्षाचं दुखणं आहे," मग त्या म्हणाल्या. "तोंडाला वास येतो, लाळ गळते, एकाच बाजूनं चावतो. महिन्यातनं एकदा ओठ वर करून बघितलं तरी कळतं. आणखी चार दिवस गेले असते तर हातचा गेला असता. आतापर्यंत ह्याला भिजवून, मऊ करून कोण घालत होतं?"

अप्पांना दुधात कुस्करलेली भाकरी आठवली. सुंदरम्मा रोज बोटांनी कुस्करायची. "कुत्र्याचे किती लाड!" म्हणून ते हसायचे. दोन-तीनदा ती म्हणाली होती, "अहो, ह्याचं तोंड बघा की जरा." बघू, बघू, म्हणत वर्ष गेलं होतं. साऱ्या तालुक्याच्या बैलांचे दात मोजणाऱ्या माणसानं घरातल्या कुत्र्याचं तोंड उघडलं नव्हतं. आणि तिनं एकदा छातीत जळजळतंय म्हटलं होतं, तेव्हाही ते बघूच म्हणाले होते. अप्पांनी तिथल्या स्टुलावर बसून घेतलं.

रक्त तपासलं, सलाईन लावलं, भूल देऊन तीन दाढा काढल्या. आठवड्यात करिया उभा राहिला. अप्पांनी भाकरी दुधात कुस्करली, जमेल तशा कानडीत हाक मारली, आणि करियानं ताटली चाटूनपुसून लख्ख केली. मग कोनाड्याकडं ढुंकूनही न बघता तो फाटकाशी गेला आणि येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांवर पूर्वीसारखा भुंकू लागला.

"करिया, बस की जरा हितं," अप्पा म्हणाले. तो शेपटी हलवून पुन्हा भुंकायला गेला. बारा वर्षांच्या म्हाताऱ्या कुत्र्याला एवढा आनंद झालेला बघून अप्पांना बरं वाटलं, आणि फार एकटंही वाटलं.

काशम्मा फाटकाशी थांबल्या. व्हिडिओ खोटा ठरल्यामुळं त्या जरा हिरमुसल्या होत्या.

"म्हंजे अक्कासाठी न्हवतंच म्हणा की ते! नुसता दातच!"

"व्हय. दातच."

त्यांचं लक्ष आतल्या ताटाकडं गेलं. भाकरी सकाळची तशीच होती.

"आणि तुमी हो, अप्पा? तुमी का जेवला न्हाय?"

अप्पांनी फोटोकडं बघितलं.

"माझे दात सगळे शाबूत हायत, काशम्मा," ते म्हणाले, आणि मग त्यांना रडू आवरेना.