रोझाबायचा ट्रम्पेट

वसईजवळच्या आमच्या सांडोर गावची रोझाबाय कोंबड्यासुद्धा तालात हाकलायची. "वन, टू, आनि नीघ!" की तिसऱ्या मात्रेला सगळ्या कोंबड्या कुंपणापार. एकदा एक चौथ्या मात्रेला उडाली, तर बायने तिला रविवारी शिजवलं. बेताल कोंबडी घरात नको, म्हणाली.

ही बाई जॅझ बँडची मालकीण, आणि गाणारीही तीच. स्वातंत्र्य नुकतंच आलं होतं. बाईमाणूस मांडवात उभं राहून इंग्रजी गातंय म्हटल्यावर म्हाताऱ्यांनी कानांवर हात ठेवले. पाय मात्र कोणाचेच थांबेनात. वर्षभरात अशी वेळ आली, की वसईत नवरा मिळे, पण रोझाबायची तारीख मिळेना. मी तिच्याकडे ड्रम बडवायचो, म्हणून सांगतो. उगाच वाढवून सांगायची मला सवय नाही.

तिला हे वेड लावलं थोरल्या भावाने, पास्कूदादाने. बोटीवर नोकरीला असताना तो ट्रम्पेट शिकला आणि घरी येऊन त्याने बहिणीला गायला शिकवलं. पुढे गास गावी लग्नाला जाताना दादा बैलगाडीतच वाजवायला बसला, गाडी खड्ड्यात आपटली आणि ट्रम्पेटने त्याचे पुढचे चार दात पाडले. एक तर थेट नालासोपाऱ्याच्या बाजारात सापडला. दातांवाचून ट्रम्पेट कसला वाजतोय? नुसती हवा. त्या लग्नात रोझाबाय त्याच्या मागे उभी राहिली आणि तोंडाने ट्रम्पेटच गायली, "पापा-रा-पाऽऽ!" दादा पुढे बसून गाल फुगवी, बटणं दाबी. मग तीच रीत पडली. अख्ख्या गावाला ठाऊक, पण कोणी कधी बोललं नाही.

एका लग्नात मुंबईच्या बड्या हॉटेलाचा मॅनेजर तिला ऐकायला आला. ऐकून इतका खूश, की भर मांडवात म्हणाला, उद्यापासून आमच्याकडे या, बँडही आणा. फक्त या म्हाताऱ्याला घरी ठेवा, हा वाजवतच नाही.

दादाने ट्रम्पेट हळूच मांडीवर ठेवला.

"जा रोझे," तो म्हणाला. "खरं तेच बोलतो तो."

रोझाबायने मॅनेजरकडे पाहिलं. "तुमच्या हाटेलात ऐकू कमी येते वाटते." मग भावाकडे वळली. "दादा, उचल तो. तुझ्याबिगर मला सूर सापडत नाय."

दादाने गाल फुगवले. त्याच्या पाठीमागे ती गायली. तिच्या डोळ्यांना धार लागली होती, म्हणून त्या दिवशी ट्रम्पेट जरा ओला वाजला, इतकंच.