खालची अक्कल

दर शनिवारी संध्याकाळी पाच वाजता थोरात सर मला त्यांच्या घरी झोपायला बोलवायचे. म्हणजे बोलावणं असायचं त्यांचा संदेश, त्यांच्या उपासनेतलं प्रवचन, ऐकायचं, पण खुर्चीत बसवतानाच ते बजावायचे, "सावंत, डोळा लागला तर संकोच करू नका. फक्त कुठल्या पानावर लागला ते मला कळलं पाहिजे." माझी मान कलली की ते पेन्सिलीने समासात फुली मारत. हे काम आधी त्यांच्या पत्नी, रूथकाकू, करायच्या. दोन वर्षांपूर्वी त्या गेल्या, आणि समोरच्या फ्लॅटमधला म्हणून माझी नेमणूक झाली.

सर नगरकडचे ख्रिस्ती. तळोज्याला एका केमिकल कंपनीच्या लॅबमध्ये जन्मभर नमुने तपासले आणि रिटायर होऊन आमच्या सीवूड्सच्या सोसायटीत राहायला आले. दिघ्याला त्यांची छोटीशी मराठी मंडळी आहे. रविवारी चाळीस-पन्नास माणसं उपासनेला जमतात. तिथे महिन्यातून एकदा सर उपदेश करायचे, तालीम मात्र दर शनिवारी. आमच्याकडे पाच दिवसांचा गणपती, तरी सरांचा विषय मला तोंडपाठ झाला होता. कारण विषय एकच: देवाचं ज्ञान आणि माणसाचं ज्ञान. सरांच्या भाषेत, वरची अक्कल आणि खालची अक्कल.

खालच्या अकलेवर त्यांचा फार राग. टीव्हीवरची चर्चा खालची अक्कल, माझा मोबाइल खालची अक्कल, डॉक्टरने मीठ बंद केलं तीसुद्धा खालची अक्कल. सोसायटीच्या मीटिंगमध्ये लिफ्टवरून भांडणं चालली होती. सर उठून म्हणाले, "प्रश्न लिफ्टचा नाही. माणसाला स्वतःच्या अकलेने वर जाता येतं का, हा आहे."

"सर, तुम्ही पहिल्या मजल्यावर राहता," चेअरमन म्हणाले.

गंमत अशी की माणसाची अक्कल किती तोकडी आहे हे पटवायला सर बावीस पानं लिहायचे. देवाचं ते लाल पेनाने, माणसाचं ते निळ्या. निळं पेन महिन्याला नवं लागायचं. लाल दोन वर्षं तेच चालू होतं. मी हे एकदा बोलून दाखवलं. सरांनी दोन्ही पेनं उजेडात धरून पाहिली. मग म्हणाले, "ही निरीक्षणशक्ती खालचीच. पण चांगली आहे."

गेल्या पावसाळ्यानंतरची गोष्ट. एका शनिवारी मी पहिल्यांदाच अख्खा संदेश जागेपणी ऐकला. सर खूश झाले. "उद्या तुम्ही दिघ्याला चला," म्हणाले. मी त्यांना माझ्या गाडीतून घेऊन गेलो.

हार्डवेअरच्या दुकानावरची एक खोली, प्लास्टिकच्या खुर्च्या, भिंतीवर साधा लाकडी क्रूस. जिन्यातच मंडळीच्या पाळकांनी, म्हणजे धर्मगुरूंनी, सरांना गाठलं. तरुण माणूस, हळू बोलणारा. "सर, सुमनबाई आल्यात. आठ दिवस झाले त्यांची मुलगी आशा तापाने गेली. आज जरा सांत्वनाचं बोलाल का?"

"आहे ना," सर म्हणाले. "पान चौदा."

सुमनबाई पुढच्याच रांगेत होत्या. जवळच्या कंपनीत पॅकिंगला जाणारी, पन्नाशीची बाई. सर सुरू झाले. पान एक, पान दोन. चौथ्या पानावर त्या उठून उभ्या राहिल्या.

"सर, येक इचारू?"

संदेशात मधे कुणी बोलत नाही.

"माझी आशा आता कुठं हाय? तिला अंधाराचं लई भ्याव वाटायचं. दिवा लावूनच निजायची."

सर पानं उलटू लागले. आठ, अकरा, चौदा. चौदाव्या पानावर थांबले. मागून कुणीतरी कुजबुजलं, "सर विसरले वाटतं." पाळक उठायच्या बेतात होते. तेवढ्यात सरांनी चष्मा काढला.

"कुठं आहे ते मला माहीत नाही, सुमनबाई. कुणाजवळ आहे, तेवढं माहीत आहे. पण ते मला पटवून देता येत नाही."

एवढं बोलून ते खाली आले आणि सुमनबाईंशेजारच्या खुर्चीत बसले. त्यांचा हात हातात घेतला. नमुन्याची बाटली धरावी तसा, जपून. सुमनबाई रडायला लागल्या. थोड्या वेळाने बघतो तर सरही. पाळकांनी गीत सुरू केलं. ते संपलं तरी दोघं तसेच बसून होते. अठरा पानं वाचायची राहिली ती राहिलीच.

परत येताना ऐरोली मागे पडली. मग सर समोरच्या रस्त्याकडे बघत म्हणाले, "आमची ही हॉस्पिटलात होती ना, शेवटी. मला म्हणाली, अहो, भीती वाटतेय. मी तिला पुनरुत्थान समजावत होतो. चांगलं चाललं होतं हो, मुद्देसूद. तर मधेच म्हणाली, हात द्या ना. मी म्हटलं, एवढं वाक्य होऊ दे."

"मग?" मी विचारलं.

"वाक्य झालं," सर म्हणाले.

सोसायटीत गाडी लावली. सरांनी पट्टा सोडला, पण दार उघडलं नाही.

"घरी कुणी नाही," ते म्हणाले.

"हो," मी म्हटलं. इंजिन बंद केलं आणि त्यांच्याशेजारी बसून राहिलो.